जोराच्या व्यायामानंतर पोट दुखत असेल तर

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरून लांब पल्ला धावून आलं किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या दोन-तीनदा चढून उतरलं, की आपल्या नाशिककरांची पावलं मिसळीकडे वळतात. मग सोमवारच्या बॅचला कुणी ना कुणी पोटावर हात ठेवून सांगतंच, "सर, काल पोटाने फार छळलं." दोष बहुतेक वेळा मिसळीच्या माथी जातो. कधी तो तिचा असतोही, पण बऱ्याचदा दुखण्याचं मूळ त्याआधीच्या दोन तासांत असतं.

आमच्याकडे वजनं उचलणारे आहेत, हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे आहेत, सायकलवर त्र्यंबकेश्वरला जाऊन येणारे आहेत आणि साठीनंतर व्यायामाला लागलेले काका-काकूही आहेत. सगळ्यांनाच एक कळकळीची विनंती आहे. पोट दुखलं तर ते लपवू नका आणि तसंच रेटू नका. नेमकं कुठे दुखतं आणि कधी दुखतं, एवढं नीट सांगितलंत की निम्मा उलगडा तिथेच होतो.

पोटात होतं काय?

व्यायामाचा जोर वाढला की शरीर रक्त वळवतं. काम करणाऱ्या स्नायूंना ते हवं असतं आणि अंग थंड ठेवायला त्वचेलाही हवं असतं. हे जादा रक्त येतं बरंचसं जठर-आतड्यांच्या वाट्यातून. अगदी दमछाक करणाऱ्या व्यायामात आतड्यांचा रक्तपुरवठा ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. पचन मंदावतं, जठरात जे असेल ते तिथेच पडून राहतं आणि धावताना वर हादरे बसत राहतात. मळमळ, आंबट ढेकर, मुरडा, घाईघाईने शौचाला पळावं लागणं हे सगळं त्यातूनच येतं. व्यायाम थांबल्यावर रक्त परत आतड्यांकडे येतं, पण ती लगेच शांत होत नाहीत. म्हणून घरी पोहोचल्यावरही तासभर कळा येत राहतात.

ऊन आणि पाण्याची कमतरता यांनी हा त्रास वाढतो. नाशिकची हवा थंड असं आपण अभिमानाने सांगतो, पण एप्रिल-मेमध्ये इथेही पारा चाळिशी गाठतो. उन्हाळ्यात आम्ही मैदानावरची बॅच लवकर घेतो ते त्यासाठीच. उशिरा येऊन 'राहिलेल्या फेऱ्या पूर्ण करतो' असं म्हणणाऱ्यांना आम्ही थांबवतो, तेव्हा कृपया रागावू नका.

बरगडीखालची चमक

धावताना अचानक, बहुधा उजव्या बाजूला बरगडीच्या खाली, सुई टोचल्यासारखी चमक निघते. काहींना ती खांद्याच्या टोकापर्यंतही जाणवते. तरुणांना आणि भरल्या पोटी धावणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. धावणं आणि पोहणं या दोन्हींत तो नेहमीचाच आहे. पोटाच्या आतल्या बाजूचं नाजूक अस्तर घासलं जाऊन चुरचुरतं, असं एक कारण सांगितलं जातं. श्वासपटलावरचा ताण हे दुसरं. कारण कुठलंही असो, उपाय साधा आहे. वेग कमी करा, हवं तर चाला. दुखऱ्या जागी दोन-तीन बोटं रुतवून दाब द्या, किंचित पुढे वाका. नाकाने खोल श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडा. काही मिनिटांत चमक ओसरते. पुढच्या वेळी निघायच्या तोंडावर घटाघटा पाणी पिऊ नका, गोड सरबत तर नकोच. आणि पहिला किलोमीटर खरोखर हळू धावा. नव्या लोकांना सगळ्यात अवघड जातं ते हेच.

काय खाल्लंत आणि केव्हा

आमच्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच सुटतात.

पोटभर जेवण आणि जोराचा व्यायाम यांच्यात निदान तीन तास जाऊ द्या. हलकं काही, म्हणजे एखादं केळं, जॅम किंवा मध लावलेला ब्रेड, थोडे साधे पोहे, तासभर आधी चालतं. तेल-तूप आणि चोथा या दोन गोष्टी जठरातून सावकाश पुढे सरकतात. एरवी ते चांगलंच आहे, पण पहाटे साडेपाचला धावायचं असेल तर आदल्या रात्री मटकीची उसळ, राजमा किंवा वाटीभर छोले नकोत. संध्याकाळच्या बॅचला येणारे पुष्कळ जण ऑफिसातून निघताना वडापाव खाऊन येतात. तासाभरात स्क्वॉट सुरू होतो, पोटावर पट्टा आवळला जातो आणि तो वडापाव घशाशी येतो. पट्टा फक्त जड सेटपुरता बांधा, मधल्या वेळात सैल करा. वजन उचलताना श्वास फार वेळ कोंडून धरू नका, त्यानेही पोटातला दाब वाढतो.

सकाळचा चहा हा नाजूक विषय आहे. चहा-कॉफीने आतड्यांना चालना मिळते, त्यामुळे चहा पिऊन पोट साफ करून निघणं बऱ्याच जणांना सोयीचं वाटतं. ते ठीकच आहे. पण निघायच्या आधी अर्धा-पाऊण तास हातात ठेवा. दूध पचत नसेल त्यांनी कोरा चहा घ्यावा. दूध न पचणाऱ्यांना प्रोटीन पावडरचाही त्रास होतो, कारण साध्या व्हे पावडरीत दुधातली साखर उरलेली असते. पावडर बदलून पाहा किंवा काही दिवस बंद करा. 'प्री-वर्कआउट' नावाच्या पुड्यांमध्ये कॅफिन भरपूर असतं, आणि पोटात कालवाकालव, छातीत धडधड झाल्याचं त्या घेणारे स्वतःच सांगतात. आम्ही त्या विकत नाही आणि घ्याही म्हणत नाही.

द्राक्षांच्या हंगामात आणखी एक प्रकार दिसतो. घरात पेटी आलेली असते, येता-जाता हात पेटीकडे जातो आणि वाडगाभर द्राक्षं खाऊन माणूस धावायला निघतो. फळातली साखर एका वेळी भरपूर पोटात गेली तर सगळ्यांनाच ती पुरती पचत नाही. उरलेली मोठ्या आतड्यात आंबते, गॅस होतो, पोट डमरूसारखं ताणतं. द्राक्षं जरूर खा, पण व्यायाम झाल्यावर, अंग शांत झाल्यावर खा.

मिसळीचंही तेच. धावणं संपल्यासंपल्या तर्रीचा पहिला घास घेऊ नका. आधी दहा मिनिटं चाला, घोट-घोट पाणी प्या. मग केळं, दहीभात किंवा इडलीसारखं सौम्य काही खा. तास-दीड तासाने मिसळ खाल्लीत तर तुमचं पोट आणि मिसळ दोघांनाही न्याय मिळेल. खाऊन लगेच आडवं होऊ नका.

उपवासाच्या दिवशी काय करायचं, असं बऱ्याच जणी विचारतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालणारे आमच्यात पुष्कळ आहेत. संथ चालणं उपवासात झेपतं, पण जोराचे इंटरव्हल त्या दिवशी नकोत. निघण्याआधी बशीभर साबुदाणा खिचडी जड होते, कारण दाण्याचं कूट आणि तूप. त्यापेक्षा केळं, राजगिऱ्याचा लाडू, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी बरं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास आणि व्यायाम एकत्र करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

स्पर्धेच्या दिवशी नवा पदार्थ, नवं जेल, नवं पेय अजिबात नको. आतड्यांनाही सराव लागतो. स्पर्धेत जे घ्यायचं ते आधीच्या लांब पल्ल्याच्या रविवारी घेऊन पाहा.

पाणी आणि ओआरएस

एकदम लिटरभर पाणी ओतलं की जठर फुगतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट पुरतात. उलटं टोकही सांभाळा. दोन-तीन तास नुसतं साधं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, पोट फुगणं, डोकेदुखी आणि पुढे बोलण्यात गोंधळ सुरू होतो. असं दिसलं तर आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या.

ओआरएसची मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी असते, लहान २०० मिलिलिटरसाठी. पुष्कळ जण मोठी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, का तर 'जास्त ताकद येईल'. होतं उलटंच. दाट द्रावण आतड्यात पाणी खेचून घेतं, मुरडा येतो आणि जुलाब होतात. पुडीमागचा मजकूर वाचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे आहे ना हे पाहा, आणि पाणी मोजून घ्या.

दुखतंय आतून की वरून?

पोटाचे व्यायाम नव्याने सुरू केले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हसतानाही पोट दुखतं. हे स्नायूंचं दुखणं. ओळखायची एक सोपी रीत आहे. उताणे झोपा, दुखऱ्या जागी बोट ठेवा आणि डोकं-खांदे जमिनीवरून जरासे उचला. तेव्हा दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीचं असतं. दोन-तीन दिवस पोटाला विश्रांती द्या, बाकी हलका व्यायाम चालू ठेवा. मात्र वजन उचलल्यावर जांघेत किंवा बेंबीपाशी फुगवटा दिसत असेल तर तो हर्निया असू शकतो. तिथे आमचा सल्ला चालणार नाही, सर्जनना दाखवा.

वेदनाशामक गोळीबद्दल

शर्यतीआधी 'दुखू नये म्हणून' आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याची सवय फार पसरली आहे. आम्हाला त्याची खरोखर काळजी वाटते. या गोळ्या जठराचं संरक्षक अस्तर कमजोर करतात, आणि रक्तपुरवठा आधीच घटलेला असताना ते अस्तर जास्त दुखावतं. अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर मूत्रपिंडांवरही ताण येतो. आमच्या प्रशिक्षकांकडे गोळी मागू नका, ते देणार नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मात्र मनाने बंद करू नका.

इथे थांबायचंच

छातीच्या मध्यभागी किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, सोबत दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका. हृदयविकाराचा झटका असाच येऊ शकतो, आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तो फारशा वेदनेशिवायही येतो. लगेच १०८ ला फोन लावा.

बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं आणि ताप, रक्ताची उलटी, शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर रंग त्यांचाही असू शकतो, तरी दाखवा), दगडासारखं कडक झालेलं पोट, काही तासांनंतरही न थांबणारं दुखणं यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाठीच्या बाजूने जांघेकडे उतरणारी असह्य कळ मुतखड्याची असू शकते. जबर व्यायामानंतर स्नायू प्रचंड दुखत असतील आणि लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी गडद झाली असेल तर वाट पाहू नका, स्नायू विरघळून मूत्रपिंडांना धोका झालेला असू शकतो.

मुलांच्या पालकांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. वयात येणारा मुलगा खेळल्यावर खालचं पोट दुखतं म्हणत असेल, तर वृषणात दुखतंय का हे स्पष्ट विचारा. मुलं लाजेने सांगत नाहीत. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते.

आमच्याकडे काय सांगायचं

वारंवार त्रास होत असेल तर दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवा. काय खाल्लं, किती वाजता, व्यायाम कोणता, पोट कुठे आणि कधी दुखलं. वही घेऊन या, प्रशिक्षक तुमच्यासोबत बसून वेळापत्रक बदलतील. महिलांनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात, आणि मॅडमशी बोलायचं असेल तर आधी सांगावं, वेगळी वेळ ठेवू.

पोटदुखीमुळे बॅच मध्येच सोडलीत किंवा आलाच नाहीत, तर त्याच दिवशी ग्रुपवर कळवा. ती बॅच पुढच्या आठवड्यात भरून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. परत येताना पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्माच व्यायाम मिळेल.