ग्रेट सेंट्रल रोडने वाळवंट ओलांडताना : परवाने, पात्रता आणि कागदपत्रे

पश्चिम ऑस्ट्रेलियातील लॅव्हर्टन या खाणगावापासून नॉर्दर्न टेरिटरीतील युलारापर्यंत, म्हणजे जवळजवळ उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्यापर्यंत, जाणारा ग्रेट सेंट्रल रोड सुमारे १,१०० किलोमीटर लांबीचा आहे. गिब्सन आणि ग्रेट व्हिक्टोरिया या दोन वाळवंटांमधून जाणाऱ्या या रस्त्याचे डांबरीकरण टप्प्याटप्प्याने चालू असले, तरी लाल मातीचे कच्चे पट्टे अजूनही मोठे आहेत. हौशी प्रवासी गाडीची, पाण्याची आणि इंधनाची तयारी महिनोन्महिने करतात. मात्र हा रस्ता ज्या जमिनीवरून जातो ती जमीन आदिवासी समाजांची असल्याने तिच्यावरून जाण्यासाठी दोन स्वतंत्र लेखी परवाने घ्यावे लागतात, ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा किंवा वाहनचालक परवाना हातात असला, तरी ही गरज संपत नाही.

परवाने दोन का, हे आधी समजून घेतले म्हणजे अर्ज भरणे सोपे जाते. राज्याची सीमा ओलांडताच कायदा बदलतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील पट्ट्याला १९७२चा राज्य कायदा लागू आहे आणि तेथील परवाना राज्याच्या नियोजन, भूमी व वारसा विभागामार्फत मिळतो. या पट्ट्यातील वस्त्यांचा कारभार पाहणारी न्गान्यात्जारा कौन्सिल ही संस्थाही या व्यवस्थेचा भाग आहे. सीमेच्या पूर्वेला, डॉकर रिव्हर या वस्तीच्या बाजूला, १९७६चा आदिवासी भूमी हक्क कायदा लागू होतो आणि परवाना अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथील सेंट्रल लँड कौन्सिल देते. एका कार्यालयाचा परवाना दुसऱ्याच्या हद्दीत चालत नाही. हे परवाने निःशुल्क असल्यामुळे काही जण त्यांना केवळ उपचार समजतात, पण ते पर्यटन खात्याचे तिकीट नसून जमीनमालकाची संमती आहे. ती नाकारण्याचा किंवा दिलेली मागे घेण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो, आणि अंत्यविधी किंवा पारंपरिक विधींच्या काळात रस्त्याचा एखादा भाग बाहेरच्यांसाठी काही दिवस बंदही ठेवला जातो.

पात्रता

परवान्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. भारतीय पारपत्रावर पर्यटक म्हणून आलेली व्यक्तीही अर्ज करू शकते. मात्र येथे ज्याचा विचार केला आहे तो केवळ रस्त्याने पार जाण्याचा परवाना आहे. वस्तीत मुक्काम करणे, संशोधन, चित्रीकरण, पत्रकारिता किंवा कोणत्याही प्रकारचे व्यावसायिक काम यांसाठी वेगळा अर्ज असतो आणि त्याला अधिक वेळ लागतो. पार जाण्याच्या परवान्यात इंधन व खाद्यपदार्थ घेण्यासाठी रोडहाउसवर थांबता येते, परंतु फाटा दिसला म्हणून गाडी आत वळवण्याची मुभा नसते. आदिवासींच्या पवित्र स्थळांची छायाचित्रे काढणे, तसेच विचारल्याशिवाय माणसांचे फोटो घेणे, अटींच्या विरुद्ध आहे. दारू नेण्यास मनाई आहे, आणि ती गाडीत बंद पेटीत ठेवलेली असली तरी मनाईच लागू होते.

भारतातून येणाऱ्यांसाठी कागदपत्रे

भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी सामान्यतः उपवर्ग ६०० हा अभ्यागत व्हिसा घ्यावा लागतो. युरोपीय किंवा काही पूर्व आशियाई पारपत्रधारकांना मिळणारी झटपट इलेक्ट्रॉनिक प्रवेश-अनुमती भारतीय पारपत्रावर मिळत नाही, त्यामुळे एखाद्या परदेशी मित्राने सांगितलेल्या मुदतीवर विसंबून आपले वेळापत्रक आखू नये. अर्ज ऑस्ट्रेलिया सरकारच्या इमिअकाउंट या संकेतस्थळावरून होतो आणि त्यासोबत पारपत्र, बँकेची विवरणपत्रे, आयकर विवरणपत्रे, नोकरी करणाऱ्यांनी रजामंजुरीचे पत्र आणि प्रवासाचा आराखडा जोडणे हिताचे ठरते. या आराखड्यात वाळवंटातील टप्पा स्पष्ट लिहावा. तो लपवण्यासारखा मुळीच नाही, शिवाय पुढे परवान्याच्या अर्जात तोच मार्ग आणि त्याच तारखा द्यायच्या असतात.

वाहन चालवण्यासाठी महाराष्ट्रातील आरटीओने दिलेला इंग्रजी मजकुराचा स्मार्ट कार्ड परवाना दोन्ही प्रदेशांत पर्यटकाला चालतो. तरीही आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना काढून ठेवावा, कारण भाड्याची गाडी देणाऱ्या अनेक कंपन्या तो मागतात आणि अपघात झाला तर विमा कंपनीपुढे कागद भक्कम असलेला बरा. हा परवाना आपल्या विभागाच्या आरटीओकडून मिळतो. सारथी संकेतस्थळावरून नमुना ४अ भरावा लागतो, सोबत मूळ वाहनचालक परवाना, पारपत्र आणि छायाचित्रे लागतात, शुल्क १,००० रुपये आहे. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो, आणि मूळ परवान्याची मुदत आधी संपत असेल तर तेवढाच काळ. मूळ परवाना सोबत नसेल, तर केवळ आंतरराष्ट्रीय परवान्याला अर्थ उरत नाही.

गाडीचा करार : जिथे बहुतेक अर्ज अडतात

माझ्या मते या सगळ्या कागदपत्रांत सर्वाधिक काळजीने वाचण्याचा कागद म्हणजे भाड्याच्या गाडीचा करारनामा. सामान्य मोटारींच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते. चारही चाकांना गती देणारी गाडी घेतली तरी ती कोणत्या रस्त्यांवर न्यायला परवानगी आहे, याची यादी कराराच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत दिलेली असते आणि ग्रेट सेंट्रल रोडसाठी काही कंपन्या आगाऊ लेखी संमती मागतात. ‘चालेल, घेऊन जा’ असे काउंटरवर तोंडी सांगितले जाते, त्यावर समाधान मानू नये. रस्त्याच्या नावासह ई-मेल मागवून घ्यावी. सूर्यास्तानंतर वस्तीबाहेर गाडी चालवल्यास विमा लागू होणार नाही, असे कलमही अनेक करारांत आढळते. ते जाचक वाटले तरी त्यामागे कारण आहे. अंधार पडू लागला की कांगारू रस्त्यावर येतात आणि रानटी उंट तर कोणत्याही वेळी आडवे येतात.

हे उंट इथले मूळचे नव्हेत. १८६०मध्ये बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांच्या मोहिमेसाठी कराचीहून २४ उंट मेलबर्नला आणले गेले आणि पुढच्या दशकांत ब्रिटिश हिंदुस्थान व अफगाणिस्तानातून आलेल्या उंटवाल्यांनी या वाळवंटातील मालवाहतूक सांभाळली. मोटारी आल्यावर मोकळे सोडलेले उंट येथेच वाढले. विमा दाव्याच्या अर्जावर आज ‘प्राण्याशी धडक’ हा पर्याय दिसतो, त्याच्या मागे एवढा इतिहास आहे.

परवान्याच्या अर्जात वाहनाचा नोंदणी क्रमांक विचारला जातो, आणि भाड्याच्या गाडीचा क्रमांक तर ती ताब्यात येईपर्यंत ठाऊक नसतो. अशा वेळी मनाने एखादा क्रमांक टाकू नये किंवा रकाना कोराही सोडू नये. कंपनीकडून क्रमांक आधी मिळतो का ते पाहावे. मिळत नसेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला ई-मेलने विचारून त्यांच्या सूचनेप्रमाणे कंपनीचे नाव व गाडीचा प्रकार लिहावा आणि क्रमांक कळताच कळवावा. त्या उत्तराची प्रत परवान्यासोबत ठेवावी.

अर्ज भरताना

दोन्ही अर्ज ऑनलाइन भरता येतात. प्रवासातील प्रत्येकाचे पारपत्रावर असेल तसे पूर्ण नाव, लहान मुलांसह, संपर्काचा पत्ता, प्रवासाचा उद्देश, प्रवेशाचे आणि बाहेर पडण्याचे ठिकाण, वाहनाचा तपशील आणि तारखा एवढी माहिती जवळ ठेवून बसले, तर अर्जाला फार वेळ लागत नाही. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे लिहिण्याची पद्धत आहे, आणि तिकिटावर एक, व्हिसावर दुसरे, परवान्यावर तिसरे असे होण्याची शक्यता त्यामुळेच असते. सर्वत्र पारपत्र हाच आधार धरावा.

तारखांकडे मात्र विशेष लक्ष हवे. परवाना ठरावीक दिवसांपुरताच असतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या परवान्याचा शेवटचा दिवस आणि सेंट्रल लँड कौन्सिलच्या परवान्याचा पहिला दिवस यांच्यात फट राहू नये. उलट एका दिवसाचा दुवा दोन्हींत सामाईक ठेवता आला तर उत्तम. सीमेवर घड्याळ दीड तासाने पुढे जाते, हेही लक्षात असावे. काही रस्त्यांचे परवाने लगेच मिळतात, तरी आडवाटेच्या मार्गांसाठी मालकांचा विचार घेतला जातो आणि त्याला आठवडे लागू शकतात, म्हणून निदान महिनाभर आधी अर्ज करणे शहाणपणाचे. मिळालेला परवाना कागदावर छापून गाडीत ठेवावा, कारण शेकडो किलोमीटर मोबाईलला रेंज नसते.

ऐतिहासिक ठिकाणे परवान्यात कशी बसतात

या रस्त्यावरची ऐतिहासिक ठिकाणे पाहण्यासाठी बहुतेक वेळा रस्ता सोडावा लागत नाही. वाराकुर्ना वस्तीजवळ जाइल्स हवामान केंद्र आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील वूमेरा व मारालिंगा येथील शस्त्रचाचण्यांसाठी वाऱ्यांची माहिती मिळावी म्हणून ते १९५६मध्ये सुरू झाले. जागा निवडली ती सर्वेक्षक लेन बीडेल यांनी. त्यांच्याच तुकडीने १९५५ ते १९५८ या काळात जवळची गनबॅरल हायवे ही वाट आखून काढली. १९६४ साली वूमेराहून सोडलेल्या पहिल्या ब्लू स्ट्रीक रॉकेटचे तुकडे १९८०मध्ये या परिसरात सापडले आणि केंद्रापाशी ठेवण्यात आले. केंद्राला नाव मिळाले ते शोधप्रवासी अर्नेस्ट जाइल्स यांचे. त्यांच्या १८७४च्या मोहिमेत बेपत्ता झालेल्या आल्फ्रेड गिब्सनचे नाव या वाळवंटाला आहे.

सीमेच्या पूर्वेला हल नदीकाठी, रस्त्यालगत, लॅसेटरची गुहा आहे. सोन्याच्या शिरेच्या शोधात निघालेला हॅरॉल्ड लॅसेटर उंट पळून गेल्यावर या गुहेत सुमारे २५ दिवस आसऱ्याला राहिला आणि जानेवारी १९३१मध्ये काटा त्जुटा या खडकांच्या समूहाकडे चालत निघाला असता वाटेतच मरण पावला. या दोन्ही ठिकाणी थांबण्यापूर्वी परवान्यावरील अटी पुन्हा वाचाव्यात. जुनी गनबॅरल वाट पाहण्याचा मोह होतो, पण ती ग्रेट सेंट्रल रोडच्या परवान्यात येत नाही. तिच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि गाडीच्या भाडेकरारात तिला परवानगी असणे तर जवळजवळ अशक्यच. शेवटच्या टप्प्यात उलुरू-काटा त्जुटा राष्ट्रीय उद्यान लागते. त्याचा प्रवेश पास वेगळा असून तो ऑनलाइन घेता येतो. १९८५मध्ये ही जमीन तिच्या मूळ मालकांना, अनांगू आदिवासींना, परत देण्यात आली आणि २६ ऑक्टोबर २०१९पासून उलुरूच्या खडकावर चढण्यास बंदी आहे.

सोबत ठेवायच्या इतर नोंदी

संकटात उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारे ४०६ मेगाहर्ट्झचे आपत्कालीन संकेतयंत्र भाड्याने घेतल्यास त्याची नोंदणी कोणाच्या नावाने आहे आणि त्यात आपला मार्ग नोंदवता येतो का, हे विचारून घ्यावे. ही नोंदणी ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी अथॉरिटीकडे विनामूल्य होते. इंधनासाठी लॅव्हर्टननंतर जुकायर्ला हे रोडहाउस सुमारे ३०० किलोमीटरवर, तेथून वॉरबर्टन अडीचशेवर आणि वाराकुर्ना आणखी सव्वादोनशेवर येते; युलारा त्यापुढे सव्वातीनशेहून थोडे अधिक. रोडहाउसच्या वेळा मर्यादित असतात. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाला आळा घालण्यासाठी या भागात नशा आणणारी अ‍ॅरोमॅटिक द्रव्ये कमी असलेले पेट्रोलच विकले जाते. ते नेहमीच्या पेट्रोल गाड्यांना चालते, तरी करारात इंधनाविषयी काही अट आहे का ते पाहावे. डिझेल गाडी घेतल्यास हा प्रश्नच येत नाही.

युलाराहून पश्चिमेकडे निघणाऱ्यांसाठी आणखी एक नियम आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात ताजी फळे, भाज्या आणि मध नेण्यावर कडक जैवसुरक्षा निर्बंध आहेत, त्यामुळे डबा भरताना हे पदार्थ सीमेआधी संपतील एवढेच घ्यावेत.

प्रवासाचा हंगाम ढोबळमानाने एप्रिल ते सप्टेंबर. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि पाऊस झाला की मातीचा रस्ता प्रशासन बंद करते. बंद रस्त्यावर गाडी घातल्यास दंड होतो आणि विमाही हातचा जातो. अशा वेळी परवान्याची मुदत संपत आली असेल तर रोडहाउसवरून संबंधित कार्यालयाला फोन करून वाढीव तारखा मागाव्यात, आणि त्यांचे लेखी उत्तर येईपर्यंत जिथे थांबण्याची मुभा आहे तिथेच थांबावे.