पॅन कार्ड स्वतः काढायचंय? आधी आधारवरचं नाव अक्षर न अक्षर वाचा

पॅनचा अर्ज परत आला की आपल्या इंदूरची मंडळी पहिली धाव घेतात व्हाइट चर्चजवळच्या आयकर भवनाकडे. हा हेलपाटा वाचवा. पॅनचे अर्ज तिथे घेत नाहीत. अर्ज होतो आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर, नाहीतर प्रोटियन (पूर्वीचं एनएसडीएल) किंवा यूटीआयआयटीएसएल या दोन संस्थांकडे. सगळं घरी बसून जमतं.

पोर्टलवरचं ‘इन्स्टंट ई-पॅन’, म्हणजे छापील कार्डाऐवजी फाइलीत मिळणारं पॅन, फुकट आहे. आधार क्रमांक, मग ओटीपी, मग तपशील वाचून होकार, एवढंच काम. वय 18 पूर्ण हवं, आधी कधीही पॅन काढलेलं नको, मोबाइल आधारला जोडलेला हवा आणि आधारवर जन्माची पूर्ण तारीख हवी. ही शेवटची अट आपल्या वडीलधाऱ्यांना अडवते.

दिवाळीच्या आधी रामबागेतल्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. फराळाच्या ऑर्डरी घेतात, बँकेत चालू खातं उघडायचं होतं. दोनदा अर्ज करून झाला होता. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी आधार काढलं, घडीवर चिकटपट्टी लावलेलं. जन्मतारखेच्या जागी नुसतं 1958. दिवस नाही, महिना नाही. बाळंतपण घरीच झालेलं, जन्मदाखला कुठून असणार? महिनाभर शोधाशोध झाली आणि माहेरच्या ट्रंकेत मॅट्रिकचं प्रमाणपत्र सापडलं. त्यावर आधी आधार दुरुस्त झालं, मग पॅन. तुमच्या घरी आई-आजीच्या आधारवर नुसतं साल असेल तर आजच कपाट उघडा. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून हातात पक्का कागद आल्याशिवाय आधार केंद्रावर जाऊ नका. आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारची कुटुंबाची ओळख) घेऊन येता ना, ती इथे चालत नाही.

आता नाव. सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात, आणि आपल्या मराठी माणसांचे तर हमखास. मध्य प्रदेशात आधार हिंदी कानांनी भरलं गेलं. ज्ञानेश्वरचं ‘ग्यानेश्वर’ ऐकू आलं आणि इंग्रजीत नाव ‘जी-वाय’ने सुरू झालं. मार्कशीटवर मात्र ते ‘डी-एन-वाय’. दोन्ही बरोबरच वाटतात, पण संगणकाला ती दोन वेगळी माणसं. काळेचं हिंदीत ‘काले’ झालं असेल तर जीव जाळू नका, पॅनसाठी इंग्रजी अक्षरं बघतात आणि ती दोन्हीकडे सारखीच. मधलं नाव मात्र अडवतं. मार्कशीटवर नाव-आडनाव आणि वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत, आधारवर तिन्ही एकत्र. आधी आधारवरचं नाव कसं हवं ते ठरवा. नाव दोनदाच बदलता येतं. मग फॉर्मात तेच उतरवा. फॉर्मात आडनाव सर्वात आधी विचारतात, आणि नाव किंवा आडनावाच्या जागी आद्याक्षर चालत नाही.

बायकांचे अर्ज आणखी एका रकान्यावर अडतात. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं होतं, त्यामुळे वडिलांच्या रकान्यातही सवयीने नवऱ्याचंच नाव जातं. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली असली तरी तिथे वडिलांचंच नाव लिहायचं. एकट्या आईने वाढवलेल्यांना फक्त आईचं नाव द्यायची सोय डिसेंबर 2018 पासून आहे. फॉर्मवर ते नीट सांगायला हवं होतं, सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

लग्नाआधी पॅन काढलं असेल तर नवा अर्ज मुळीच करू नका. नंबर आयुष्यभर तोच राहतो, आडनाव बदलण्यासाठी दुरुस्तीचा अर्ज असतो. दोन पॅन बाळगल्यास 10,000 रुपये दंड होऊ शकतो. कार्ड हरवलं असेल तरी तेच: 50 रुपयांत पुन्हा छापून मिळतं.

दुकानदारांनो, एकट्याच्या मालकीच्या दुकानाला वेगळं पॅन नसतं. पाटीवर कुठलंही नाव असो, पॅन मालकाचंच, चौथं अक्षर ‘पी’. भागीदारी असेल तर करारपत्र जोडून फर्मचं पॅन निघतं, तिथे चौथं अक्षर ‘एफ’. जीएसटी नंबर याच पॅनवरून बनतो: आधी मध्य प्रदेशचा 23, मग तुमचं दहा अक्षरी पॅन. म्हणून पॅनवरचं नाव चुकीचं असताना जीएसटीच्या मागे लागू नका.

प्रोटियनकडून छापील कार्ड हवं असेल तर सुमारे 107 रुपये लागतात. आधार ओटीपीने सही केली तर कागद पाठवावा लागत नाही, कार्डावर फोटो मात्र आधारवरचाच येतो. कागद पाठवायचे असतील तर 15 दिवसांची मुदत नीट समजून घ्या. 15 दिवसांत पोस्टात टाकायचं नसून प्रोटियनच्या पुण्याच्या कार्यालयात पोचायला हवं. इंदूरहून लागणारा वेळ धरून तिसऱ्या-चौथ्या दिवशीच स्पीड पोस्ट करा. सही चौकटीच्या बाहेर गेली तर अर्ज परत येतो. अंगठा असेल तर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या.

पावतीवरचा 15 आकडी क्रमांक वहीत लिहून ठेवा, स्थिती त्यावरच कळते. ई-पॅनची फाइल मेलवर आली आणि उघडेना तर घाबरू नका, पासवर्ड म्हणजे तुमची जन्मतारीख, दिवस-महिना-साल सलग आठ आकड्यांत. ते ई-पॅन बँकेत कार्डाइतकंच चालतं. काकूंचं खातं त्याच्या छापील प्रतीवरच उघडलं.