शॉवर-कमोड व्हीलचेअरचा सुरक्षित वापर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून शॉवर-कमोड व्हीलचेअर, म्हणजे बसूनच आंघोळ आणि शौच करता येईल अशी चाकांची खुर्ची, विकत किंवा भाड्याने नेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे पत्रक आम्ही खुर्चीबरोबरच देतो. खुर्चीच्या खोक्यात कंपनीचा जो कागद असतो, तो बहुधा इंग्रजीत असतो आणि त्यात जोडणीच्या चित्रांपलीकडे फारसे काही सापडत नाही. प्रत्यक्षात ही खुर्ची वापरणारी माणसे म्हणजे घरातील मुलगा, सून, वयस्कर पती किंवा पत्नी आणि ब्युरोकडून येणाऱ्या मावशी किंवा मामा. त्यामुळे पत्रक कपाटात न ठेवता या सर्वांनी वाचावे, मदतनीस बदलल्यास नव्या व्यक्तीला ते वाचून दाखवावे, आणि ज्यांच्यासाठी खुर्ची आणली आहे त्यांनाही, त्यांची प्रकृती अनुमती देत असेल तर, यातील प्रत्येक गोष्ट आधी सांगावी.

ही खुर्ची पलंगापासून बाथरूमपर्यंत आणि तेथून परत पलंगापर्यंत नेण्यासाठी बनवलेली आहे. तिची चाके साधारण चार ते पाच इंचांची असतात व गुळगुळीत फरशीवर चांगली फिरतात. मात्र लिफ्टच्या दारातील फट, सोसायटीतील पेव्हर ब्लॉक किंवा दवाखान्यासमोरचा रस्ता त्यांना झेपत नाही. पुढचे चाक फटीत अडकले की खुर्ची जागीच थांबते आणि बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाते. म्हणून बाहेर जाण्यासाठी साधी व्हीलचेअरच वापरावी. एकच खुर्ची दोन्ही कामांना चालेल का, असे आम्हाला वारंवार विचारले जाते; खर्च वाचावा ही इच्छा स्वाभाविक असली तरी आमचे उत्तर नाही असेच असते.

खुर्ची नेण्यापूर्वी घेण्याची मापे

पहिले माप बाथरूमच्या दाराचे. चौकटीच्या आतल्या बाजूपासून समोरच्या चौकटीपर्यंत टेप लावून भागत नाही, कारण उघडलेले दार स्वतःच्या जाडीइतकी जागा अडवते आणि कडी किंवा हँडल आणखी थोडी. दार पूर्ण उघडून जी मोकळी जागा उरते, तीच मोजावी. अनेक जुन्या सदनिकांत ही जागा दोन फुटांच्या आसपास भरते आणि खुर्चीची बाहेरून रुंदी वीस ते बावीस इंच असते, म्हणजे दोन्ही बाजूंना हाताची बोटे जेमतेम मावतात. अशा दारातून जाताना बसलेल्या व्यक्तीने दोन्ही हात मांडीवर ठेवावेत. खुर्चीच्या हातांवरून बोटे बाहेर राहिली तर ती चौकटीवर सोलवटतात.

दुसरे माप कमोडचे. सीट वर उचलून, जमिनीपासून चिनी मातीच्या भांड्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची घ्यावी आणि खुर्चीखालचे प्लास्टिकचे भांडे काढल्यावर तिच्या खाली जी मोकळी उंची उरते तिच्याशी ती ताडून पाहावी. खुर्ची कमोडवरून न घासता सरकली पाहिजे, पण मधली फट फार मोठी असेल तर शिंतोडे बाहेर उडतात; अर्धा ते एक इंच अंतर पुरेसे असते. भिंतीला टांगलेल्या कमोडची उंची बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असल्याने ती शेजारच्या घरातील मापावरून ठरवू नये. फ्लश टाकी किती पुढे आली आहे आणि बाजूच्या जेट स्प्रेचा नळ चाकाच्या वाटेत येतो का, हेही त्याच वेळी पाहावे. खुर्ची सगळीकडून बसते आणि त्या एका नळाला अडते, असे पुष्कळदा घडते.

भारतीय पद्धतीचे भांडे पायरीवर असेल तर ही खुर्ची तेथे चढवण्याचा प्रयत्न करू नये. खुर्चीखालचे भांडे लावून खोलीतच वापर करावा आणि नंतर भांडे संडासात रिकामे करावे. जुन्या वाड्यांतील आणि चाळींतील मोरीला कट्टा असतो. तेथेही हाच नियम लागू आहे. दोघांनी मिळून माणसासकट खुर्ची उचलून कट्ट्यापलीकडे ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण पुष्कळ खुर्च्यांचे हात निघणारे असतात आणि उचलताना नेमके तेच हातात येतात.

उंबरा आणि उतार

बाथरूमच्या दारात पाणी अडवण्यासाठी ग्रॅनाइटची किंवा संगमरवराची पट्टी असते. ती अर्ध्या इंचाची असली तरी लहान चाकाला पुरेशी अडचण करते. पट्टी ओलांडताना खुर्ची उलटी फिरवून, म्हणजे मदतनीसाची पाठ बाथरूमकडे ठेवून, सावकाश मागे ओढावी. यामुळे बसलेल्या व्यक्तीचा भार पाठीकडे राहतो आणि धक्का बसला तरी ती पुढे झुकत नाही. बाहेर येतानाही शक्य असल्यास खुर्ची आत वळवून तसेच करावे. रोजचा वापर असेल तर रबराचा किंवा लाकडाचा छोटा उतार बसवून घेणे उत्तम. एक इंच उंचीसाठी किमान एक फूट लांबीचा उतार धरावा आणि तो सरकणार नाही असा पक्का करावा. घडी केलेले पोते किंवा पायपुसणे टाकून काम भागवू नये.

बाथरूमची फरशी नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जाळीच्या, दिशेने उतरती असते. चालताना हा उतार आपल्याला जाणवत नाही, मात्र चाकांना जाणवतो, आणि अंगाला साबण लावत असताना ब्रेक न लावलेली खुर्ची हळूहळू जाळीकडे सरकू लागते. जाळी तुटलेली किंवा उचकटलेली असेल तर चाक तिच्यात रुतून खुर्ची कलंडू शकते, म्हणून खुर्ची घरात येण्याआधी जाळी बदलून घ्यावी.

खुर्चीवर बसवणे आणि उठवणे

या पत्रकातील एकच भाग वाचायचा झाला तर हा वाचावा. आंघोळीला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि पलंगावरून खुर्चीवर यायला एखादे मिनिट. तरीही आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांकडून पडझडीच्या ज्या हकिगती कानावर येतात, त्या बहुतेक याच एका मिनिटातल्या असतात. त्याचे कारणही उघड आहे. त्या क्षणी व्यक्तीचा भार धड पलंगावर नसतो आणि धड खुर्चीवरही नसतो, आणि खुर्चीला चाके असतात.

व्यक्तीला आधी पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटे बसू द्यावे. बराच वेळ झोपून राहिलेल्या माणसाचा रक्तदाब एकदम उठल्यावर खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ती येऊन गेल्यावरच पुढे जावे. अर्धांगवायू झालेला असल्यास खुर्ची धडधाकट बाजूला, पलंगाला किंचित तिरकी लावावी. परत पलंगावर येतानाही चांगली बाजू पुढे राहील अशीच खुर्ची वळवावी, आणि त्यासाठी तिला पलंगाच्या दुसऱ्या बाजूस न्यावे लागले तरी कंटाळा करू नये.

त्यानंतर ब्रेक. ब्रेक जितक्या चाकांना असतील तितके सगळे लावावेत आणि खुर्ची हाताने ढकलून ती हलत नाही याची खात्री करावी, कारण पायाने दाबलेला ब्रेक लागल्यासारखा दिसतो पण पूर्ण बसलेला नसतो. ब्रेक लावण्याआधी खुर्ची थोडी मागे ओढून पुढची लहान चाके पुढच्या दिशेला वळवून घ्यावीत. चाके पुढे असली की खुर्चीचा पाया लांबतो आणि पुढे वाकल्यावर ती उलटण्याची शक्यता कमी होते. पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडाव्यात किंवा बाजूला फिरवाव्यात. त्या पट्टीवर उभे राहून खुर्चीत चढण्याचा प्रयत्न केल्यास खुर्ची पुढच्या बाजूला उलटते; हे एकदाही करू नये, बळ असलेल्या माणसानेही नाही. खुर्चीचा पलंगाकडचा हात निघत असेल तर तो काढून ठेवावा.

उठवताना मदतनीसाने गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, व्यक्तीच्या अगदी जवळ उभे राहावे आणि आपल्या गुडघ्यांनी तिच्या दुर्बळ गुडघ्याला आधार द्यावा. काखेत हात घालून उचलू नये, आणि लुळा पडलेला हात धरून तर मुळीच ओढू नये; अर्धांगवायूत खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि अशा ओढण्याने सांधा निखळू शकतो. कमरेला बांधायचा ट्रान्सफर बेल्ट मिळतो, त्याला धरणे सर्वांत चांगले. व्यक्तीने मदतनीसाच्या गळ्यात हात टाकू नयेत. टाकल्यास दोघांचा तोल एकदम जातो. “एक, दोन, तीन” असे मोठ्याने म्हणून दोघांनी एकाच वेळी जोर लावावा. खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर किती वाकणे चालेल व सीट किती उंच हवी, हे आपल्या शल्यचिकित्सकांना विचारूनच खुर्ची निवडावी.

बसल्यावर व्यक्ती पाठीला टेकेपर्यंत मागे सरकली आहे ना, हे पाहावे. पुढच्या कडेवर बसलेली व्यक्ती साबण लागताच घसरते. पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, जी सांगण्यास संकोच वाटतो पण सांगणे आवश्यक आहे: सीट आणि खालची चौकट यांच्या मधल्या फटीत किंवा सीटच्या कडेखाली नाजूक भाग अडकून दुखापत होऊ शकते. संवेदना नसलेल्या व्यक्तीला ते कळतही नाही, म्हणून मदतनीसाने स्वतः खात्री करून घ्यावी. लघवीची नळी लावलेली असल्यास पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहावी, मात्र जमिनीवर घासणार नाही आणि चाकात गुंतणार नाही अशी अडकवावी.

आंघोळ

पाणी अंगावर घेण्यापूर्वी मदतनीसाने ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर किंवा कोपरावर घेऊन पाहावे. गीझरमधून 60 अंश सेल्सिअसचे पाणी थेट आल्यास काही सेकंदांत त्वचा भाजते, तर अंगाला सोसवणारे पाणी 37 ते 40 अंशांच्या दरम्यान असते. मणक्याची दुखापत किंवा जुना मधुमेह असलेल्या व्यक्तीला पायांवर चटका जाणवत नाही आणि फोड आल्यानंतरच तो दिसतो. बादलीत आधी थंड पाणी घेऊन मग त्यात गरम मिसळावे. हँड शॉवर असेल तर तो अंगावर रोखलेला असताना गरम पाण्याचा नळ कमी-जास्त करू नये.

गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर अधिकच सावध राहावे. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि खिडकी-दार बंद असलेल्या लहान बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरतो. आजारी व्यक्तीची आंघोळ इतरांपेक्षा जास्त वेळ चालते, आत दोन माणसे असतात आणि वारा लागू नये म्हणून खिडकीही लावलेली असते. पाणी बादलीत भरून घ्यावे, गीझर बंद करावा, बाथरूममध्ये काही वेळ हवा खेळू द्यावी आणि मगच व्यक्तीला आत न्यावे. गीझर बाहेर मोकळ्या जागेत हलवून घेता आला तर त्याहून चांगले.

तेल लावून आंघोळ घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, विशेषतः दिवाळीत. तेलाने माखलेले अंग हातात धरता येत नाही, आणि फरशीवर ओघळलेले तेल मदतनीसाचाच पाय घसरवते. तेल लावायचेच असेल तर आंघोळीनंतर, पलंगावर, थोडेसे लावावे. तसेच पाय धुण्यासाठी व्यक्तीला स्वतः पुढे वाकू देऊ नये. मदतनीसाने समोर लहान स्टुलावर बसून ते धुवावेत. कमरेचा पट्टा लावलेला असला तरी तो केवळ घसरण रोखतो. त्याच्या भरवशावर व्यक्तीला एकटे सोडू नये. बाहेर काढण्यापूर्वी मांड्या, पाठ, तळपाय आणि चाके कोरडी करावीत. ओल्या अंगाने पलंगावर हलवू नये.

शौचासाठी बसवताना

भांड्यात आधी तळाला थोडे पाणी घालावे, म्हणजे ते लवकर स्वच्छ होते. व्यक्तीला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसवून ठेवू नये. मध्ये मोकळी जागा असलेल्या सीटवर सगळा भार मांड्यांच्या आणि बैठकीच्या थोड्याच भागावर येतो आणि तेथील त्वचेचा रक्तपुरवठा दबतो. झोपून राहणाऱ्या रुग्णाला जखमा होण्याची सुरुवात कधीकधी येथूनच होते. उठवल्यानंतर त्या जागी लाली दिसली आणि ती अर्ध्या तासात गेली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे व आमच्याकडून गादीची सीट मागवावी. फार कुंथल्यानेही चक्कर येऊ शकते. व्यक्तीला एकांत हवा असतो आणि तो मिळालाच पाहिजे; त्यासाठी मांडीवर टॉवेल टाकावा, दार लोटून घ्यावे, पण आतून कडी लावू नये आणि हाकेच्या अंतरावर थांबावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीजवळ मात्र कोणीतरी आतच असावे.

स्वच्छता व देखभाल

रोज साबणाच्या पाण्याने खुर्ची धुवून कोरडी करणे पुरेसे आहे. निर्जंतुकीकरणासाठी ब्लीच वापरल्यास ते पातळ करून वापरावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ॲसिडने स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत खाऱ्या हवेमुळे रंग दिलेल्या लोखंडी चौकटी लवकर गंजतात, म्हणून तेथील ग्राहकांना आम्ही किंमत जास्त असूनही स्टेनलेस स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची खुर्ची सुचवतो. बोअरचे पाणी असेल तर ब्रेकवर क्षार साचतात. ते आठवड्यातून एकदा ब्रशने काढावेत. चाकांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात, तेही कापून काढावेत.

ब्रेक लावूनही खुर्ची सरकत असेल, वेल्डिंगपाशी बारीक भेग दिसत असेल किंवा सीट हलत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत खुर्ची वापरू नये. चौकटीवरील पट्टीत जास्तीत जास्त वजनाचा आकडा छापलेला असतो. व्यक्तीचे वजन त्याच्या जवळ आले असेल तर आम्हाला सांगावे, म्हणजे आम्ही अधिक भार पेलणारी खुर्ची देऊ. भाड्याची खुर्ची परत करताना भांडे, त्याचे झाकण, निघणारे हात आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बरोबर द्याव्यात, आणि वापरादरम्यान काही सैल झाले किंवा वाकले असल्यास तसे अवश्य सांगावे. अशा नैसर्गिक झिजेसाठी आम्ही अनामत रकमेतून काहीही कापत नाही.