चवथीआधी जादा माणसं हवीत? कंत्राटी कामगार गेटच्या आत आणण्याचा क्रम

चवथ म्हणजे गणेशचतुर्थी तोंडावर आली की गोव्यात वेर्णा असो, कुंडई असो की मडकई, औद्योगिक वसाहतीत सगळीकडे एकच रड असते. ऑर्डर वाढलेली आणि आपली माणसं रजेवर. मग लेबर कंत्राटदाराला फोन जातो, "उद्या वीस माणसं पाठव." माणसं मिळतातही. सकाळी टेम्पोतून उतरतात आणि गेटवर अडतात, कारण खिशात आधारची झेरॉक्स सोडून काहीच नसतं. म्हणून ज्याला घाई आहे त्याने कागद माणसांच्या आधी पोचवावेत. तो क्रम असा.

परवाना कोणाला लागतो

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि 1970 चा कंत्राटी कामगार कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. जुन्या कायद्यात मर्यादा 20 कामगारांची होती. संहितेत ती 50 आहे. गेल्या बारा महिन्यांत कुठल्याही दिवशी आस्थापनेत 50 किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तर आस्थापनेला ही तरतूद लागू होते, आणि ज्या कंत्राटदाराकडे तेवढी माणसं आहेत त्याला परवाना घ्यावा लागतो. परवाना पाच वर्षांचा असतो. दोन कंत्राटदारांकडून तीस-तीस माणसं घेतली म्हणून कारखाना सुटत नाही. त्याच्या हिशेबी ती साठच.

पन्नासच्या आत आहोत म्हणून निर्धास्त राहणारेही पुष्कळ भेटतात. त्यांची सुटका फक्त परवान्यातून होते. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), नियुक्तिपत्र या गोष्टी आपापल्या नियमांनी लागू राहतातच.

राज्याच्या अखत्यारीतल्या कामाचं कार्यालय म्हणजे पणजीत पाटोवरचं श्रमशक्ती भवन. पण काम मुरगाव बंदरात, रेल्वेच्या हद्दीत किंवा खाणीवर असेल तर विषय केंद्रीय श्रम आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातो. हे आधी पाहा. चुकीच्या दारात अर्ज टाकला की आठवडा सहज जातो.

मुख्य उत्पादनाचं काम

इथे बहुतेक जण ठेचकाळतात. कारखाना ज्या कामासाठी उभा आहे, त्या मूळ कामावर कंत्राटी कामगार लावायला संहितेची मनाई आहे. साफसफाई, सुरक्षा, कँटीन, बागकाम, चढ-उतार अशी कामं त्यात धरत नाहीत, अर्थात तुमचा धंदाच तो नसेल तर. मूळ कामाला अपवाद मोजके. ते काम एरवीही कंत्राटदाराकडूनच करून घेण्याची रीत असेल, किंवा दिवसातला बराचसा वेळ पूर्णवेळ कामगाराची गरज नसेल, तर चालतं. तिसरा अपवाद चवथीच्या घाईत उपयोगी पडणारा: कामाचं प्रमाण अचानक वाढलं आणि ते ठरावीक मुदतीत उरकायचं असेल तर. त्याचा आधार घ्यायचा असेल तर वर्क ऑर्डरमध्ये कारण आणि मुदत स्पष्ट लिहा, सोबत गिऱ्हाइकाच्या वाढीव ऑर्डरची प्रत लावा. तोंडी 'अर्जंट होतं' म्हणून निरीक्षकाचं समाधान होत नाही.

आणि गरज दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच मशीनवर पडत असेल तर तिला अचानक म्हणणं मला तरी पटत नाही. अशा वेळी ठरावीक मुदतीची थेट नेमणूक करावी. तिथे कायम कामगाराइतकंच वेतन आणि फायदे द्यावे लागतात, पण मधला कंत्राटदार आणि त्याचं कमिशन दोन्ही वाचतं.

कंत्राटदाराची फाइल

ही एकदाच करून ठेवायची. पॅन, जीएसटी नोंदणी, निर्वाह निधी आणि ईएसआयचे कोड, परवाना लागत असेल तर तो, आणि मागच्या काही महिन्यांची निधी व ईएसआय भरल्याची चलनं. चलन मागितल्यावर 'सीए गावाला गेलाय' असं उत्तर आलं तर दुसरा कंत्राटदार बघा. हे मी कडकपणे सांगतो, कारण कंत्राटदाराने पगार बुडवला किंवा कमी दिला तर तो मुख्य मालकाला, म्हणजे माणसं घेणाऱ्या कारखान्याला, भरावा लागतो, मग त्याने तो कंत्राटदाराकडून वसूल करत बसायचं.

कामगाराचे कागद

खरा वेळ इथे जातो. आधार, बँक पासबुक, फोटो, वयाचा पुरावा, एवढं सगळ्यांकडे असतं. अडतं ते मोबाइल नंबरावर. ऑगस्ट 2025 पासून नवा यूएएन, म्हणजे निर्वाह निधीचा कायमचा खाते क्रमांक, सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा स्कॅन करून काढावा लागतो, आणि त्याआधी आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो. आता कर्नाटकातल्या कोप्पळहून आलेल्या पोराचं आधार भावाच्या नंबराला जोडलेलं असतं, भाऊ तिकडे शेतात, फोन घरी चार्जिंगला. इकडे एचआरची मुलगी लॅपटॉप उघडून बसलेली, मागे आणखी चौदा जण रांगेत. शेवटी त्याला आधार केंद्रावर पाठवावं लागतं आणि त्याचा दिवस फुकट. कंत्राटदाराला आदल्या आठवड्यातच सांगा: ज्याचा नंबर आधारला जोडलेला आहे आणि तो फोन ज्याच्या हातात आहे, त्यालाच यादीत घाल. ज्याने आधी कुठे काम केलंय त्याचा जुना यूएएनच चालवा, दुसरा काढू नका.

नावाचंही तसंच. आधारवर पूर्ण नाव, बँकेत नुसतं आद्याक्षर, असं असलं की केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, जुळत नाही.

ईएसआय दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला लागू असते, महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी. मालकाचा वाटा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75. नोंदणी कामाला लावायच्या दिवशीच करा आणि तात्पुरतं ओळखपत्र छापून त्याच्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी बोट मशीनमध्ये गेलं तर मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात पहिला प्रश्न त्या ओळखपत्राचाच येतो.

पहिला दिवस

नियुक्तिपत्र कंत्राटदाराने द्यायचं, सध्या प्रत्येक कामगाराला ते बंधनकारक आहे. सुरक्षेची माहिती मात्र तुमच्या माणसाने द्यावी, आणि ती कन्नड किंवा हिंदीत समजेल अशी. सही घेतली म्हणजे समजलं असं होत नाही. हेल्मेट आणि बूट कोण देणार हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून ठेवा, नाहीतर सकाळी आठला गेटवर तोच वाद. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, विश्रांतीची जागा, प्रथमोपचार या सोयी मुख्य मालकाच्या अंगावर असतात.

बाहेरच्या राज्यातले दहा किंवा जास्त कामगार असतील तर स्थलांतरित कामगारांच्या तरतुदीही लागतात, त्यात गावी जाण्या-येण्याच्या प्रवासभत्त्याचाही समावेश आहे. त्यांना भाड्याच्या खोल्यांत ठेवलं असेल तर घरमालकाने पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा फॉर्म दिला आहे ना, तेही विचारा.

बांधकामाची साइट असेल तर खर्चावरचा एक टक्का उपकर वेगळा. बांधकाम कामगाराची कल्याण मंडळाकडे नोंदणी वय 18 ते 60 आणि वर्षभरात 90 दिवस काम या अटींवर होते, त्यामुळे नव्याने आलेल्याला ती लगेच मिळेल अशी आशा लावू नका.

काम संपल्यावर

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि कामावरून कमी केलं तर सगळा हिशेब दोन कामाच्या दिवसांत. शेवटच्या बिलाचं पेमेंट सोडण्याआधी पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा मागा, आणि निर्वाह निधीच्या पोर्टलवर प्रत्येकाची काम सोडल्याची तारीख भरली का तेही तपासा. ती राहिली की पोराला सहा महिन्यांनी आपलेच पैसे काढताना अडचण येते, आणि तोवर कंत्राटदाराचा फोन बदललेला असतो.