टॅक्स लॉस हार्वेस्टिंग

आर्थिक वर्ष संपण्याआधी तोट्यात असलेले शेअर, म्युच्युअल फंडाची युनिट किंवा दुसरी एखादी भांडवली मालमत्ता विकायची, झालेला तोटा त्याच वर्षाच्या भांडवली नफ्यातून वजा करायचा आणि आयकर कमी करायचा, अशी ही पद्धत. विकलेली गुंतवणूक बहुतेक जण एक-दोन दिवसांत परत घेतात. पुण्यात सीएंच्या आणि ब्रोकरांच्या कार्यालयांत हिला सरसकट ‘लॉस बुक करणे’ म्हणतात. भाव कितीही पडला तरी शेअर हातात आहे तोवर आयकराच्या हिशेबात तो तोटा नसतोच. विक्री झाली की मोजला जातो. सगळी पद्धत एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

वजावटीचे नियम

अल्पमुदतीचा तोटा अल्पमुदतीच्या आणि दीर्घमुदतीच्या अशा दोन्ही नफ्यांतून वजा होतो. दीर्घमुदतीचा तोटा मात्र फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातूनच. पगार, पेन्शन, ठेवींचे व्याज किंवा घरभाडे यांतून भांडवली तोटा कधीच वजा होत नाही. वर्षात जिरला नाही तो तोटा पुढची ८ वर्षे ओढता येतो. ८० सी (विमा, पीपीएफ वगैरे गुंतवणुकीची वजावट) सारख्या वजावटी नव्या करप्रणालीत मिळत नाहीत. ही वजावट जुन्या-नव्या दोन्ही प्रणालींत मिळते.

शेअर बाजारात नोंदलेले शेअर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवले तर ते दीर्घमुदतीचे ठरतात. २३ जुलै २०२४ पासून अशा शेअरांच्या आणि इक्विटी फंडांच्या (मुख्यतः शेअरांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडांच्या) अल्पमुदतीच्या नफ्यावर २० टक्के, तर दीर्घमुदतीच्या नफ्यावर वर्षाला १ लाख २५ हजारांची सूट देऊन उरलेल्या रकमेवर १२.५ टक्के कर लागतो. वर ४ टक्के उपकर. त्याआधी हे दर १५ आणि १० टक्के होते आणि सूट १ लाखाची होती. दर वाढल्यामुळे ही खटपट करणे पूर्वीपेक्षा परवडू लागले.

समजा वर्षभरात २ लाखांचा अल्पमुदतीचा नफा झाला आहे. त्यावर उपकरासह ४१,६०० रुपये कर होतो. दुसऱ्या एका शेअरमध्ये दीड लाखाचा अल्पमुदतीचा तोटा पडून असेल आणि तो मार्चमध्ये बुक केला, तर करपात्र नफा ५० हजारांवर येतो आणि कर १०,४०० रुपये. ३१,२०० रुपये वाचले. खरेदी आणि विक्री दोन्हींवर प्रत्येकी ०.१ टक्का एसटीटी (शेअरच्या सौद्यांवरचा कर), खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क आणि दलाली हा यातला खर्च.

मात्र हीच युक्ती चुकीच्या जागी वापरली की तोटा फुकट जातो, आणि असे बऱ्याचदा होते. दीर्घमुदतीचा नफा १ लाख १० हजारच असेल तर सुटीमुळे कर मुळातच शून्य आहे. तरीही कोणी ८० हजारांचा दीर्घमुदतीचा तोटा बुक केला, तर तो आधी नफ्यातून वजा होतो आणि सूट नंतर पाहिली जाते. ‘हा तोटा आत्ता नको, पुढच्या वर्षासाठी ठेवतो’ असे म्हणायची सोय कायद्यात नाही. अशा माणसाने उलट उरलेल्या सुटीइतका नफाच बुक करून शेअर परत घ्यावेत. खरेदीची किंमत वाढते आणि पुढचा कर कमी होतो.

फ्लॅट आणि जमिनीच्या नफ्यात शेअरचा तोटा

पुण्यात या पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग शेअरच्या नफ्यापेक्षा जागेच्या नफ्यात होऊ शकतो, आणि नेमके तेच अनेकांच्या लक्षात येत नाही. दीर्घमुदतीचा तोटा कोणत्या मालमत्तेचा आहे याला महत्त्व नाही. त्यामुळे शेअरमधला दीर्घमुदतीचा तोटा २४ महिन्यांहून अधिक काळ जवळ असलेल्या फ्लॅटच्या किंवा प्लॉटच्या नफ्यातून वजा होतो. कोथरूडमधला जुना फ्लॅट विकून बावधनला मोठ्या घरात जाणाऱ्या किंवा वडिलोपार्जित प्लॉट भावंडांत वाटून विकणाऱ्या कुटुंबात त्या एकाच वर्षी कित्येक लाखांचा नफा उभा राहतो. घरात कुणाच्या तरी डीमॅटमध्ये जुने पडेल शेअर असतातच. ज्याच्या नावावर नफा त्याच्याच नावावर तोटा हवा, एवढी अट. ४ लाखांचा दीर्घमुदतीचा तोटा १२.५ टक्के दराने उपकरासह ५२ हजार रुपये वाचवतो.

२३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जागेसाठी निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला, खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून २० टक्के आणि तशी न वाढवता १२.५ टक्के, यांतला जो कर कमी होईल तो भरण्याची मुभा आहे. नवे घर किंवा ६ महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंतचे सरकारी कंपन्यांचे ठरावीक रोखे घेऊन नफा वाचवणार असाल, तर आधी तो हिशेब मांडावा. रोख्यांनी सगळा नफा झाकला जाणार असेल तर शेअर विकण्याची गरजच काय?

आयटीतले शेअर

हिंजवडी आणि खराडीतल्या अनेक नोकरदारांना परदेशी मूळ कंपनीचे शेअर पगाराचा भाग म्हणून मिळतात. शेअर खात्यात येतात त्या दिवशीच्या भावाने त्यांच्यावर पगार म्हणून कर कापला जातो आणि तीच रुपयांतली रक्कम त्यांची खरेदीची किंमत धरली जाते. नंतर भाव पडला तर आधी भरलेला कर परत मिळत नाही. फार तर भांडवली तोटा हाती लागतो, आणि तो पगारातून वजा होत नाही. मात्र भारतातल्या शेअरच्या किंवा फ्लॅटच्या नफ्यातून होतो. परदेशी बाजारातले शेअर इथे २४ महिन्यांनंतर दीर्घमुदतीचे ठरतात. डॉलरमध्ये दिसणारा तोटा रुपयांत तोटा असेलच असे नाही. ७५ रुपये डॉलर असताना ५० डॉलरला मिळालेला शेअर ८५ रुपये डॉलर असताना ४६ डॉलरला विकला, तर ३,७५० रुपयांचे ३,९१० झाले, म्हणजे १६० रुपयांचा नफाच.

जुन्या शेअरचा फसवा तोटा

१ ऑक्टोबर २००४ ते ३१ मार्च २०१८ या काळात एसटीटी भरून विकलेल्या नोंदणीकृत शेअरचा दीर्घमुदतीचा नफा करमुक्त होता, म्हणून त्यातला तोटाही वजावटीला चालत नसे. १ एप्रिल २०१८ पासून नफा पुन्हा करपात्र झाला. तोवर झालेल्या नफ्याला संरक्षण म्हणून ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदीची किंमत धरायची सोय दिली. पेठांमधल्या आणि डेक्कनवरच्या ज्या घरांत आजोबांनी घेतलेले शेअर आजही सांभाळलेले आहेत, तिथे याचा संबंध येतो. १०० रुपयांना घेतलेला शेअर ३१ जानेवारी २०१८ ला ३०० होता आणि आज २५० ला विकला, तर ५० रुपये तोटा झाला असे वाटते. नियमाप्रमाणे आधी २०१८ चा भाव आणि विक्रीची किंमत यांतली कमी ती घ्यायची, म्हणजे २५०. मग ती आणि मूळ खरेदी यांतली जास्त ती, म्हणजे पुन्हा २५०. नफा शून्य, तोटाही शून्य. करातून सुटका होते, पण बुक करण्याजोगे काही उरत नाही.

परत खरेदी

अमेरिकेत तोट्यात विकलेला तोच शेअर ३० दिवसांच्या आत घेतला तर तो तोटा त्या वेळी वजावटीला धरत नाहीत. भारतात असा नियम नाही. विकल्याच्या दुसऱ्या दिवशी परत घेता येतो. त्याच दिवशी मात्र घेऊ नये. त्याच बाजारात दोन्ही सौदे एकमेकांत वळते होतात, डीमॅटमधून शेअर हलतच नाही आणि सगळा व्यवहार इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात उरकलेला सट्ट्याचा ठरतो, भांडवली तोटा धरला जात नाही. बोनसच्या, म्हणजे कंपनीने फुकट दिलेल्या जादा शेअरांच्या, बाबतीत वेगळा पाश आहे. रेकॉर्ड डेटच्या (बोनस कोणाला मिळणार हे ठरवणाऱ्या तारखेच्या) आधी ३ महिन्यांत शेअर घेऊन, बोनस पदरात पाडून, मूळ शेअर ९ महिन्यांत तोट्यात विकले आणि बोनसचे ठेवले, तर तो तोटा वजावटीला चालत नाही.

परत घेतलेल्या शेअरची खरेदीची किंमत खाली येते आणि मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून बहुतेक वेळा कर पुढे ढकलला जातो, इतकेच. १२.५ टक्क्यांचा कर वाचवण्यासाठी दीर्घमुदतीचा शेअर विकला, परत घेतला आणि भाव वर येताच वर्षाच्या आत काढला, तर २० टक्के भरावे लागतात.

डीमॅटमध्ये आधी आलेला शेअर आधी गेला असे धरतात. वरच्या भावाने अलीकडे घेतलेले शेअर तेवढे निवडून विकता येत नाहीत. त्यासाठी काही जण दुसरे डीमॅट खाते ठेवतात. एसआयपीचा, म्हणजे फंडात ठरावीक काळाने भरायच्या रकमेचा, प्रत्येक हप्ता वेगळी खरेदी मानला जातो आणि एका योजनेतून दुसरीत स्विच करणे म्हणजे विक्रीच. ईएलएसएसची (कर वाचवणाऱ्या इक्विटी फंडाची) युनिट ३ वर्षे विकता येत नाहीत. क्रिप्टोमधला तोटा कशातूनच वजा होत नाही, दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही नाही.

तारखा आणि विवरणपत्र

पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार १९८२ मध्ये स्थापन झाला आणि २०१५ मध्ये सेबी या बाजार नियामक संस्थेने त्याला बाहेर पडण्याची परवानगी दिली. त्यामुळे सगळे सौदे आता मुंबईच्या बाजारांच्या वेळापत्रकाने होतात. हिशेबात ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरची (सौद्याच्या पावतीवरची) तारीख धरतात, पैसे खात्यात येण्याची नव्हे. ३१ मार्चला बाजार उघडा असेलच असे नाही. २०२५ मध्ये २९ मार्चला शनिवार, ३० ला रविवार आणि गुढीपाडवा, ३१ ला रमजान ईदची सुटी, त्यामुळे शेवटचा दिवस २८ मार्च ठरला. २०२४ मध्ये २९ मार्चला गुड फ्रायडे होता, म्हणून तो २८ लाच होता. पाडव्याला नवे काही घ्यायची रीत असलेल्या घरांत आधी तोट्यातले काढायचे आणि मग पाडव्याच्या आसपास घ्यायचे, असा मेळ काही जण घालतात. त्याला करनियमांचा अडसर नाही.

अग्रिम कराचा (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायच्या आयकराचा) शेवटचा हप्ता १५ मार्चला असतो. तो भरून झाल्यावर तोटा बुक केला तर जास्तीचा कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना अग्रिम कर लागूच नाही, त्यामुळे त्यांना ही घाई नसते.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली. वजावटीचा गाभा तोच आहे. पुढे ओढायचा तोटा आयटीआर-१ या विवरणपत्राच्या सर्वांत साध्या फॉर्ममध्ये दाखवता येत नाही, आयटीआर-२ किंवा धंदा असल्यास आयटीआर-३ लागतो. विवरणपत्र मुदतीनंतर भरले तरी त्याच वर्षाचा तोटा त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा होतो, पण उरलेला भांडवली तोटा पुढे नेण्याचा हक्क जातो.