स्टिकर छापण्याआधी एक प्रश्न: चिकटवणार कुठे?

पुण्यात जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की आमच्या छापखान्यात स्टिकरच्या ऑर्डरींची रीघ लागते. क्लास, अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसवर खोल्या. हे काम आम्हाला हवेच आहे. पण सदाशिव पेठेतून किंवा नारायण पेठेतून चालत जाताना खांबांवर, डीपीवर (रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीवर), बसथांब्यांवर आमच्याच मशिनवर छापलेला माल दिसतो आणि मनापासून वाईट वाटते. म्हणून आता ऑर्डर लिहून घेतानाच आम्ही हा प्रश्न विचारतो. कृपया राग मानू नका.

विजेच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो. दिवा बंद पडला तर तो क्रमांक सांगितला की तक्रार नेमकी पोचते. त्यावर खोलीची जाहिरात बसली की रस्ता अंधारातच राहतो. डीपीवरची धोक्याची सूचनाही अशीच झाकली जाते. दिशादर्शक फलकांचे नुकसान तर आणखी वाईट. रात्री गाडीच्या दिव्यात ते चमकतात ते वरच्या परावर्तक थरामुळे. स्टिकर ओरबाडून काढला की तो थरही खरवडला जातो, आणि नेमका तेवढा भाग रात्री काळा दिसतो.

कायदाही स्पष्ट आहे. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विरूपणाला प्रतिबंध करणारा अधिनियम 1995 सालचा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड लहान वाटेल, पण जाहिरात ज्याच्या फायद्याची, तोही यात सापडतो. ‘मुलांनी परस्पर लावले’ एवढे म्हणून सुटका होत नाही, आपल्याला माहीत नव्हते हे सिद्ध करावे लागते. आणि स्टिकरवर मोबाइल नंबर तर तुमचाच असतो.

महापालिकेचे कर्मचारी खांब साफ करतात, पण एकेका स्टिकरला किती वेळ जातो हे आम्ही स्वतः करून पाहिले आहे. खळीने लावलेला कागद पाण्याने भिजवला की निघतो. विनाइलचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या स्टिकरचे, तसे नाही. नवे असताना ते अखंड सुटते; दोन उन्हाळे खाल्ले की कडक होते, नखाएवढे तुकडे पडतात आणि गम मागेच राहतो. त्या चिकट डागावर धूळ बसून काळा चौकोन तयार होतो. मग कुणीतरी त्याच चौकोनावर पुढचा स्टिकर लावतो.

तुमचे स्टिकर आधीच कुठे लागले असतील तर लवकर काढा. हेअर ड्रायरने कोपरा कोमट करा, प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला आणि स्टिकर स्वतःवरच दुमडत सावकाश मागे ओढा. झटका दिला की फाटतो. उरलेल्या गमावर खोबरेल तेल चोळून पंधरा मिनिटे थांबा, मग साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लेड नको, थिनर तर अजिबात नको: रंग उठतो आणि बसथांब्याचे पारदर्शक पत्रे कायमचे पांढुरके होतात. डीपी, सिग्नल आणि विजेच्या खांबांना मात्र स्वतः हात लावू नका, पाणी तर मुळीच मारू नका. ते काम महावितरणला किंवा महापालिकेला कळवा. परावर्तक फलकही त्यांच्यावरच सोडा.

जाहिरात मात्र थांबवू नका. दुकानाच्या काचेसाठी आमच्याकडे गम नसलेली फिल्म आहे, ती काढून पुन्हा लावता येते. मेसच्या किंवा अभ्यासिकेच्या भिंतीवर, मालकाला विचारून, सहज निघणाऱ्या गमाचा स्टिकर चालतो. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत, दुकानदार हो म्हणाले तर, गल्ल्याजवळ ठेवलेले छोटे कार्ड मुले खिशात घालून नेतात. आमच्या मते खोल्यांसाठी याहून चांगला उपाय नाही. खांबावरचा नंबर उभ्याउभ्या कोण टिपून घेतो?

जुने स्टिकर काढायला निघालात तर प्लॅस्टिकची पट्टी आणि ड्रायर आमच्या काउंटरवरून घेऊन जा. पैसे नाहीत, फक्त संध्याकाळी आठच्या आत परत आणून द्या.