पार्श्वभूमी : तोतया कोणाला म्हणायचे?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि पोलीस ठाण्यांतले तोंडपाठ आकडे बदलले. ‘चारशे वीस’ ३१८ मध्ये गेले आणि ‘चारशे एकोणीस’, म्हणजे तोतयेगिरी करून ठकवणूक, ३१९ मध्ये आले. शिक्षाही वाढली. पूर्वी ती जास्तीत जास्त तीन वर्षे होती, आता पाच आहे. व्याख्या मात्र १८६० च्या दंड संहितेत होती जवळपास तशीच राहिली. आपण दुसरेच कोणी आहोत अशी बतावणी करून फसवले की गुन्हा झाला. ज्याचे नाव घेतले तो माणूस खरा असो की मनाने रचलेला, त्याने फरक पडत नाही. जुन्या संहितेने याची दोन उदाहरणे दिली होती. त्यातल्या एकात ‘क’ हा मेलेल्या ‘ख’चे नाव सांगून ठकवतो. मराठी वाचकाला इथे कोण आठवेल हे सांगायला नको.

पानिपताच्या लढाईत मराठी फौजेचे सेनापती असलेले सदाशिवराव भाऊ, म्हणजे भाऊसाहेब. त्यांचा तोतया पानिपतानंतर काही वर्षांतच बुंदेलखंडाकडे उगवला. त्याच लढाईतल्या जनकोजी शिंद्यांच्या नावानेही एक जण पुढे आला होता, पण त्याची मजल फार गेली नाही. भाऊसाहेब म्हणवणाऱ्याला थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात पुण्यात आणून पारखले. तो कनोजी ब्राह्मण असल्याचे ठरले आणि या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर अशी त्याची कैद सुरू झाली. १७७६ साली तो रत्नागिरीला होता. पेशवे दोन वर्षांचे, दादासाहेबांचा, म्हणजे रघुनाथरावांचा, गादीसाठीचा तंटा धुमसत असलेला, इंग्रजांशी पुरंदरचा तह नुकताच झालेला. अशा वेळी ज्याच्या ताब्यात कैदी होता त्यानेच त्याला मोकळे केले. कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले आणि जमवलेली फौज घेऊन तो घाट चढून आला. शिंद्यांच्या फौजेने त्याला मोडले. पळताना कुलाब्याला तो आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबरात त्याला देहान्त शासन दिले गेले.

वाद आहे तो या निवाड्याचा. भाऊसाहेबांना जवळून ओळखणाऱ्यांनी त्याची उलटतपासणी केली आणि तो तोतया ठरला. आक्षेप असा की हे सगळे ज्या कारभाऱ्यांच्या देखरेखीखाली झाले, त्यांचीच सत्ता भाऊसाहेब परतले असते तर गेली असती. आक्षेप रास्त आहे, पण त्याने निकाल उलटत नाही. हा माणूस पहिल्या चौकशीत, वेगळ्या पेशव्याच्या काळात आणि वेगळ्या कारभारात, तोतयाच ठरला होता. निवाडा बरोबर होता असेच माझे मत आहे. चूक होती ती आधीची, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते.

दरबाराने दोनदा सांगितले की हा भाऊ नव्हे. पण भाऊ गेले, हे घरात कोणी धर्माने आणि विधीने मान्य केलेच नव्हते. त्यांच्या पत्नी पानिपतावरून परतल्या त्या सौभाग्यचिन्हांसह, आणि शेवटपर्यंत तशाच राहिल्या. १७८३ साली त्या वारल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर भाऊसाहेबांचेही उत्तरकार्य झाले. म्हणजे पुण्यात तोतयाला देहान्त दिला गेला त्या दिवशीही ज्यांचे नाव त्याने घेतले ते घरच्या लेखी हयातच होते. बावीस वर्षे एका जबर माणसाची जागा रिकामीही नव्हती आणि भरलेलीही नव्हती. तोतया त्या फटीतून शिरला. कोकणातल्या शिबंदीने त्याला मुजरे केले, ते सगळे भोळे होते म्हणून नव्हे. भाऊसाहेब परत येणे अशक्य आहे असे त्यांना कोणी ठामपणे सांगितलेच नव्हते.

ही फट बुजवण्याचे काम पुढे कायद्याने केले. ज्यांना खबर मिळायला हवी होती अशा माणसांना एखाद्याची सात वर्षे काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे तसे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचे, असा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात आला आणि नव्या साक्ष कायद्यातही तो कायम आहे. तरी सगळेच दावेदार खोटे नसतात. बंगालमधल्या भावल जमीनदारीचे मधले कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारले असे घरच्यांनी धरले होते. बारा वर्षांनी एका संन्याशाने आपणच ते कुमार असे सांगितले. १९३६ साली न्यायालयाने त्याचे म्हणणे मानले आणि १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही, तेच कायम केले. म्हणून निकाल लागेपर्यंत कोणाला तोतया म्हणू नये.

निवडणुकीने या प्रश्नाला वेगळेच रूप दिले. इथे मोठ्या माणसाचे नाव लागत नाही, मतदार यादीतले कोणाचेही चालते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून बोटाला लावायची म्हैसूरची शाई आणि १९९३ नंतरचे छायाचित्र ओळखपत्र हे दोन्ही उपाय यासाठीच आले. मतदान केंद्रावर बसलेल्या पक्ष-प्रतिनिधीला मतदाराच्या ओळखीवर हरकत घ्यायची असेल, तर तो केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये भरतो आणि तिथल्या तिथे चौकशी होते. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर ओळख पटवून तुम्हाला प्रदत्त मत देता येते. ते यंत्रावर नोंदले जात नाही, मतपत्रिकेवर घेऊन वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. हा हक्क बहुतेकांना माहीत नसतो आणि माणूस हात हलवत घरी जातो.

बातम्यांतल्या शब्दांचा गोंधळही इथेच वाढला. निवडणुकीतला ‘डमी उमेदवार’ म्हणजे मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला तर हाताशी असावा म्हणून उभा केलेला. तो स्वतःच्या नावानेच अर्ज भरतो, त्यात गुन्हा नाही. भरती परीक्षेतला ‘डमी’ म्हणजे दुसऱ्याच्या प्रवेशपत्रावर पेपर लिहिणारा, म्हणजे सरळ तोतया. ‘बोगस डॉक्टर’ यांतल्या कोणत्याच खणात बसत नाही. तो बहुधा स्वतःच्याच नावाने पाटी लावतो, खोटी असते ती पदवी. तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट ‘बनावट’ म्हटले की कोणावर कोणते कलम लागते हे वाचकाला कळत नाही.

त्याहून वाईट म्हणजे चोराला ‘बहुरूपी’ म्हणणे. बहुरूपी ही पोटासाठी सोंगे घेणारी भटकी जमात आहे. फौजदाराचा वेश करून दारात उभे राहायचे, ‘तुमच्यावर वॉरंट आहे’ म्हणून दरडावायचे, हसू फुटले की बिदागी घ्यायची, हा त्यांचा धंदा. लोकसेवकाची बतावणी करणाऱ्याला न्याय संहितेचे कलम २०४ लागते ते त्याने त्या अधिकाराच्या नावाखाली काही कृत्य केले किंवा करू पाहिले तर. खोट्या गणवेशाचे २०५ लागायलाही फसवण्याचा हेतू असावा लागतो. बहुरूप्याचे सोंग दोघांनाही ठाऊक असते. तरी आज अनोळखी गावात तो वेश घालून जायची त्यांना धास्ती वाटते.

कारण खऱ्या तोतया पोलिसांनी तो वेश नासवला. ‘आजी, पुढे खून झालाय, दागिने काढून पिशवीत ठेवा’ असे सांगून रस्त्यात हातचलाखी करणारे वर्षानुवर्षे होते. आता तोच माणूस व्हिडिओ कॉलवर, मागे ठाण्याचा देखावा लावून बसतो आणि तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ झाल्याचे सांगतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. संगणक किंवा मोबाइल वापरून केलेल्या तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६ ड घातले गेले. त्यात कमाल शिक्षा अजूनही तीन वर्षेच आहे, म्हणून तक्रार नोंदवताना ३१९ आणि २०४ ही कलमेही लावून घ्यावीत. २०४ मध्ये सहा महिन्यांहून कमी शिक्षा देताच येत नाही.